डॉ. फ्रेडरिक अकबर महंमद : एका विस्मृत संशोधकाची लेखनसंपदा

लंडनमधील गाइज रुग्णालयाला वैद्यकाच्या इतिहासात जे स्थान लाभले, त्याचे पुष्कळसे श्रेय डॉ. रिचर्ड ब्राइट यांच्या मूत्रपिंडविषयक संशोधनाला आहे. अंगावरील सूज, लघवीतून जाणारे अल्ब्युमिन आणि शवविच्छेदनात दिसणारी विकृत मूत्रपिंडे यांचा परस्परसंबंध त्यांनी १८२७ सालच्या ग्रंथात दाखवून दिला, आणि पुढे दीर्घकाळ हा विकार ‘ब्राइटचा रोग’ याच नावाने ओळखला गेला. त्याच रुग्णालयात सुमारे अर्धशतकानंतर या विषयाला नवे वळण देणाऱ्या डॉक्टरचे नाव मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांच्या कानांवर आले असेल. आणि तो तर पाटण्याच्या दीन महंमदाचा नातू!

दीन महंमदाची कथा मोठी रंजक आहे. भारतीयाने इंग्रजीत लिहिलेले पहिले पुस्तक त्याचे (१७९४), लंडनमधील पहिले हिंदी भोजनगृह त्याचे (१८१०), आणि ब्रायटन येथील चंपी-स्नानगृहही त्याचेच. पण तो विषय निराळा.

फ्रेडरिक अकबर यांचा जन्म ब्रायटन येथे १८४९ साली झाला. गाइजमध्ये विद्यार्थी असतानाच नाडीचे स्पंदन कागदावर रेखाटणारे स्फिग्मोग्राफ हे यंत्र त्यांनी हाती घेतले. फ्रान्समधील मारे यांनी १८६० मध्ये सिद्ध केलेल्या या यंत्रात त्यांनी अशी सुधारणा केली की, नाडीच्या रेषेवरून धमनीतील दाबाचा अंदाज बांधता यावा. आज दंडाला गुंडाळावयाची पट्टी घरोघरी दिसते. तिचा शोध इटलीतील रिव्हा-रॉची यांनी १८९६ मध्ये लावला, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रयत्नाचे मोल कळते.

१८७४ सालचा त्यांचा निबंध सर्वांत महत्त्वाचा. स्कार्लेट ज्वराच्या रुग्णांची नाडी त्यांनी दिवसेंदिवस तपासली. लघवीत अल्ब्युमिन दिसू लागण्यापूर्वीच नाडीतील ताण वाढलेला असतो, असे त्यांना आढळले. आधी मूत्रपिंड बिघडते व मग हृदय आणि धमन्यांवर परिणाम होतो, या रूढ समजुतीलाच येथे धक्का बसला. १८७९ व १८८१ मध्ये गाइजच्या नियतकालिकात आलेल्या प्रदीर्घ लेखांत ते आणखी पुढे गेले. वरकरणी निरोगी दिसणाऱ्या माणसांतही वर्षानुवर्षे असा ताण असू शकतो आणि तोच पुढे शरीराची हानी करतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. ज्याला आज आपण उच्च रक्तदाब म्हणतो, तो हाच.

मग श्रेय का मिळाले नाही? माझ्या अल्पमतीप्रमाणे, थोडा दोष त्यांच्या विनयाचा होता. आपल्या शोधाला त्यांनी नवे नाव दिलेच नाही. ‘अल्ब्युमिनविरहित जीर्ण ब्राइटचा रोग’ असेच ते म्हणत राहिले. मूळ टिपण कोणाचे आणि खाली सही कोणाची, हा प्रश्न सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या माणसाला नवा नाही! १८९० नंतर क्लिफर्ड ऑलबट प्रभृतींनी रक्तदाबाचा विचार मांडला आणि श्रेयही बव्हंशी त्यांच्याकडे गेले. नवे यंत्र आल्यावर जुने नाडी-आलेखही अडगळीत पडले.

त्यांचे आणखी एक कार्य उल्लेखनीय आहे. देशभरच्या डॉक्टरांकडे छापील प्रश्नावल्या पाठवून रोगांची माहिती एकत्र करण्याचा उपक्रम त्यांनी ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या साहाय्याने उभारला. त्याचे वृत्त १८८३ पासून छापले जाऊ लागले. पाठविलेले तक्ते भरून परत मिळविणे किती दुर्घट असते, हे ज्याचे त्याला ठाऊक!

१८८४ च्या नोव्हेंबरात विषमज्वराने त्यांचे निधन झाले. वय अवघे पस्तीस. संशोधनाची वर्षे जेमतेम तेरा.

शतकभराच्या विस्मृतीनंतर, १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियातील हृदयरोगतज्ज्ञ मायकेल ओरूर्क यांनी आणि १९९६ मध्ये गाइजमधीलच मूत्रपिंडतज्ज्ञ स्ट्यूअर्ट कॅमेरॉन यांनी एका सहकाऱ्यासमवेत त्यांच्यावर लेख लिहिले. ओरूर्क स्वतः धमनीतील स्पंदनाच्या आकाराचा अभ्यास करणारे. आपल्या संगणकीय आलेखांचे मूळ शोधत ते महंमदांनी काढलेल्या त्या जुन्या रेषांपाशी येऊन पोहोचले.