उण्या पाच व्होल्टचा पहिला मान

सातारा जिल्ह्यातील कोयना प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातून १९६२ साली वीजनिर्मिती सुरू झाली. घरात वीज येते ती २३० व्होल्टची, प्रत्यावर्ती. संगणकाच्या जुन्या चिपला हवे असतात मोजके, एकदिश व्होल्ट. या दोहोंना जोडणाऱ्या पॉवर सप्लायला संगणकाच्या इतिहासात सहसा जागा मिळत नाही. वास्तविक त्या इतिहासाचे एक महत्त्वाचे वळण त्याच्या तारांतच दडलेले आहे.

सांगलीचे वालचंद (१९४७) आणि सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडचे शासकीय (१९६०) यांसारख्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील कित्येक पिढ्यांना मायक्रोप्रोसेसर भेटला तो इंटेल ८०८५ च्या रूपाने. १९७६ च्या या चिपला पाच व्होल्टचा एकच पुरवठा पुरे. नावातला शेवटचा पाच त्याचीच खूण. विद्यार्थ्यांना ही सोय स्वाभाविक वाटली. ती तशी नव्हती.

१९७४ च्या ८०८० ला तीन पुरवठे लागत: अधिक पाच, अधिक बारा आणि उणे पाच. यांतला उणे पाच चिपच्या सिलिकॉनच्या पायाला दिलेला असे. त्यातून वाहणारा प्रवाह नगण्य, पण तो सर्वांत आधी यावा आणि सर्वांत शेवटी जावा, असा दंडक होता. तो नसताना बारा व्होल्ट पोहोचले, तर चिप कायमची निकामी होण्याची भीती. पुढे ट्रान्झिस्टरांची घडण सुधारली आणि हे तिहेरी ओझे उतरले.

आज ८०८० चालवू पाहणाऱ्या हौशी माणसाला हा सारा प्रवास उलटा करावा लागतो. ट्रान्सफॉर्मर, डायोड, कपॅसिटर आणि ७८०५, ७८१२, ७९०५ हे रेग्युलेटर बाजारात सहज मिळतात. पण ७९०५ च्या पायांचा क्रम ७८०५ पेक्षा वेगळा आहे. सवयीने जोडणारा तिथे हमखास फसतो. उणे पाच आल्यावरच उरलेले दोन पुरवठे सोडणारा रिले बसवावा. चिप बाजूला ठेवून रिकाम्या सॉकेटच्या ११, २० आणि २८ क्रमांकांच्या पिनांवर मल्टिमीटरने अनुक्रमे उणे पाच, अधिक पाच आणि अधिक बारा मोजून घ्यावेत.

एवढी काळजी कशासाठी? इंटेलने ८०८० चे उत्पादन केव्हाच थांबवले आहे. एक चिप जळाली की त्या काळाचा एक बोलता साक्षीदार कमी होतो. ८०८५ ने जे आपल्यापासून लपवले, ते हा साधा पॉवर सप्लाय बांधताना कळते: सोपेपणालाही इतिहास असतो.