वाहन अधोभाग निरीक्षण प्रणाली

रस्त्यात किंवा प्रवेशद्वारापाशी बसविलेल्या कॅमेऱ्यांनी वरून जाणाऱ्या वाहनाच्या खालच्या अंगाची, म्हणजे चासी, आस, सायलेन्सर, इंधनटाकी आणि मडगार्डमागील पोकळ्या यांची, प्रतिमा घेऊन तेथे दडविलेली स्फोटके, शस्त्रे किंवा प्रतिबंधित माल हुडकून काढणारी यंत्रणा. चाके लावलेला बहिर्गोल आरसा लांब दांड्याने गाडीखाली फिरविणे हे तिचे साधे पूर्वरूप असून ते अजूनही सर्रास वापरात आहे.

पार्श्वभूमी : ३० मार्च १९७९ रोजी ब्रिटिश खासदार एअरी नीव यांचा, लंडनमधील संसदेच्या वाहनतळावरून बाहेर पडताना, मोटारीखाली लावलेल्या बॉम्बने मृत्यू झाला, पाऱ्याच्या हालचालीने विद्युत्‌मंडल पूर्ण होऊन हा बॉम्ब उडाला होता. अशा घातपातांमुळे महत्त्वाच्या व्यक्तींची वाहने खालून तपासण्याची पद्धत रूढ झाली. दिल्लीत १३ फेब्रुवारी २०१२ रोजी इस्रायली दूतावासाच्या मोटारीला मोटारसायकलस्वाराने चुंबकीय बॉम्ब चिकटविल्यावर मोटारीला बाहेरून बॉम्ब लावण्याचा धोका भारतातही प्रत्यक्षात आला.

रचना व कार्य : मोटारीचा तळ रस्त्यापासून जेमतेम १५ ते २० सेंमी. उंच आणि रुंदी मात्र दीड मीटरहून अधिक असल्याने साध्या भिंगात सर्व भाग मावत नाही. त्यासाठी विशालकोनी भिंगे, आरसे किंवा ओळीने बसविलेले अनेक कॅमेरे वापरतात. रेषा-कॅमेरा हा प्रकार एका वेळी केवळ एक अरुंद पट्टी टिपतो व वाहन पुढे सरकेल तशा पट्ट्या जोडून अखंड चित्र तयार करतो. ताशी १८ किमी. वेगाने जाणारी ४ मीटर लांबीची मोटार ०.८ सेकंदात कॅमेऱ्यावरून पार होते. मिलिमीटरभर रुंदीची पट्टी हवी असल्यास सेकंदाला ५,००० पट्ट्या टिपाव्या लागतात. मध्येच वेग बदलला तर चित्र ताणले किंवा आक्रसले जाते, म्हणून वेगमापनाची जोड देतात. प्रकाशासाठी एलईडी दिवे असतात, तर दुसरा कॅमेरा नंबरप्लेट वाचून नव्या चित्राची त्याच वाहनाच्या जुन्या चित्राशी तुलना करण्याची सोय करतो. फरक आढळलेली जागा पडद्यावर ठळक दिसते.

मर्यादा : चिखल, साचलेले पाणी आणि दुरुस्तीत बदललेले सुटे भाग यांमुळे खोटे इशारे मिळतात. शिवाय कॅमेऱ्याला केवळ बाह्य पृष्ठभाग दिसतो. बंद टाकीतील किंवा दुहेरी पत्र्याआडच्या चोरकप्प्यातील वस्तू त्याला दिसत नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ : मुंबईत १२ मार्च १९९३ रोजी झालेल्या साखळी स्फोटांत २५७ जणांचा बळी गेला, त्यांपैकी अनेक स्फोट वाहनांत ठेवलेल्या आरडीएक्सने झाले. २५ ऑगस्ट २००३ रोजी गेटवे ऑफ इंडिया व झवेरी बाजार येथे, तसेच २६ नोव्हेंबर २००८ रोजी विलेपार्ले व माझगाव येथे टॅक्सींमध्ये स्फोट झाले. वाहनांच्या या स्फोटांतील स्फोटके वाहनांच्या आत होती, गाडीखाली लावलेली नव्हती. त्यामुळे डिकी, बॉनेट व आसनाखालची झडती कॅमेऱ्याने टळत नाही.

यवतमाळ जिल्ह्यासारख्या सीमावर्ती भागात प्रश्न स्फोटकांपेक्षा चोरट्या मालाचा अधिक आहे. नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग क्र. ४४ पांढरकवडा, पाटणबोरी व पिंपळखुटीमार्गे पैनगंगा ओलांडून तेलंगणात जातो आणि पिंपळखुटी येथे सीमा तपासणी नाका उभारण्यात आला. वर्धा नदीपलीकडच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, तर चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ ते २०२१ या काळात होती. यवतमाळमध्ये मात्र दारूविक्रीला परवानगी असल्याने नदीवरील पुलांना चोरट्या वाहतुकीच्या दृष्टीने महत्त्व आले. अशा ठिकाणी ही प्रणाली बसवायची झाल्यास स्थानिक परिस्थिती विचारात घ्यावी लागते : पावसाळ्यात कपाशीच्या काळ्या जमिनीतील चिकट माती आणि वणी परिसरातील वाहनांवर बसणारी कोळशाची भुकटी चासीवर थर धरते, यामुळे जुन्या-नव्या चित्रांची तुलना फसते. कॅमेऱ्याच्या काचेची नियमित सफाई, तो बसविलेल्या खड्ड्यातील पाण्याचा निचरा आणि भरलेल्या ट्रकचा भार पेलणारे आवरण या गोष्टी म्हणूनच अत्यावश्यक ठरतात. कोणते वाहन बाजूला घ्यायचे, हे ठरविण्यापुरताच या प्रणालीचा उपयोग आहे. अंतिम तपासणी प्रशिक्षित कर्मचाऱ्याला हातानेच करावी लागते.