सव्वासतरा इंचांचं चाक

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत स्पोर्ट्स कार कधी आली असेलच, तर ती हैदराबादचा रस्ता चुकून आली असेल. मुंबईच्या विंटेज रॅलीत लोक पॉलिश केलेल्या एमजी घेऊन उतरतात. आमच्याकडे त्या जागी जीप आहे: उघडी, जुनी, कामापुरती कमी आणि हौसेपुरती जास्त, आणि घरच्यांच्या शिव्या खात अंगणात ताडपत्रीखाली उभी.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलाने अशीच एक महिंद्रा सीजे थ्री बी विकत घेतली. आपल्याकडे जिला 'हाय बॉनेट' म्हणतात ती. बाप माझ्याकडे आयटीआयला मोटार मेकॅनिक शिकला होता, म्हणून पोरगं सल्ल्याला आलं. "सर, याचं स्टेरिंग तडकून गेलं. स्पोर्ट स्टेरिंग लावू का? तेरा इंची. डबवालीत भेटते." हरियाणातली मंडी डबवाली म्हणजे नटवलेल्या जीपांची पंढरी, तिथून काहीही मिळतं. पण आयुष्य आयटीआयमध्ये गेल्यामुळे मला हो-नाही असं सुटं उत्तर देता येत नाही. आधी इतिहास सांगावा लागतो.

हे चाक युद्धातून आलं. अमेरिकन सैन्यासाठी विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात मिळून सव्वासहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. गाडी कुणाचीही असो, सुटे भाग एकमेकींना बसायचे. आघाडीवर मोडलेल्या दोन जीपांतून एक चालती जीप उभी करता यावी, हा त्यातला हिशोब. स्टेअरिंगचं चाक तीन आऱ्यांचं, साधारण सव्वासतरा इंच व्यासाचं, मधोमध हॉर्नचं बटण. सजावट शून्य.

युद्ध संपल्यावर ही गाडी डिस्पोजलमध्ये आली आणि आपल्याकडच्या जंगल ठेकेदारांना, शिकाऱ्यांना, सरकारी खात्यांना हवीहवीशी झाली. इतकी की स्वतंत्र भारतातलं पहिलं गाजलेलं खरेदी प्रकरणही जीपचंच. १९४८ साली लंडनमधल्या आपल्या उच्चायुक्तालयाने सैन्यासाठी दोन हजार जीपांचा करार केला. आल्या जेमतेम दीडशे, आणि त्याही वापरण्याजोग्या नाहीत अशी ओरड झाली. तिकडे १९४५ साली लुधियान्यात 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाची कंपनी निघाली होती. फाळणीनंतर त्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. माझगावात विलिसच्या जीपा जोडायला सुरुवात झाली ती याच कंपनीत.

विलिसने सीजे थ्री बी १९५३ मध्ये काढली. नवं इंजिन उंच होतं, म्हणून बॉनेट उचलावं लागलं. दिसायला बेढब, पण आपल्याकडे तीच सगळ्यात जास्त टिकली. या जीपांचं स्टेअरिंग कितीतरी वर्षं डाव्या बाजूलाच राहिलं. मागच्या पत्र्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' लिहिलेलं असायचं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही अशा गाड्यांसाठी १२० वं कलम आहे: इशारा देणारं यंत्र चालू हालतीत असल्याशिवाय डावं स्टेअरिंग रस्त्यावर आणायचं नाही. कारण उघड आहे, डावीकडे बसलेल्याचा हात उजवीकडच्याला दिसत नाही.

शहरात ही अडचणच. समोरून काय येतंय हे बघायला अर्धी गाडी रस्त्याच्या मध्ये काढावी लागते. शेजारी बसलेला क्लीनर "येऊ द्या, येऊ द्या" म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवून ओव्हरटेक करायचं. पण जंगलात उलटं. आलापल्लीच्या बाजूला रस्ते एका गाडीपुरते. समोरून बांबूचा ट्रक आला की डावी चाकं खाली कच्च्यात उतरवायची. तिथे ड्रायव्हर डाव्या कडेलाच बसलेला असला तर चाकाखाली मुरूम आहे की पाणी साचलेली नाली, हे त्याला मान वाकवून दिसतं. माझे मामा आलापल्लीला लाकूड ठेकेदाराकडे जीपवर होते. उजव्या स्टेअरिंगची गाडी हातात आली तेव्हा त्यांना ती आंधळी वाटली.

मामांकडून मी शिकलो ती पहिली गोष्ट क्लच किंवा गिअर नव्हे, अंगठा. स्टेअरिंग धरताना चारही बोटं बाहेरून आणि अंगठाही वरूनच, आऱ्याकडे आत कधीच वळवायचा नाही. "आंगठा अंदर नोको घालू भाचा, मंग जेवशील कायनं?" असं ते म्हणायचे, आणि ते चेष्टेत नव्हतं. जीपचा पुढचा आस अखंड, त्याच्यावर पाट्यांच्या स्प्रिंगा. बैलबंड्यांनी पाडलेल्या चाकोरीत एखादा सागाचा खुंट आडवा आला की चाक झटक्याने वळतं. तो झटका टाय रॉडमधून बेल क्रँकला, तिथून ड्रॅग लिंकने स्टेअरिंग बॉक्सला आणि कॉलममधून सरळ हातात येतो. बॉक्स रॉस कंपनीच्या पद्धतीचा: कॉलमच्या खालच्या टोकाला खोल वळणदार खाच असलेला कॅम, आणि त्या खाचेत अडकलेले लिव्हरचे दोन खुंटे. हात फिरवला की खुंटे सरकतात, लिव्हर हलतो, चाकं वळतात. चांगली, सोपी रचना. पण झटका ती पुरता अडवत नाही. आरा फिरून अंगठ्यावर बसला की हाड मोडायचं. त्या काळच्या जंगल ड्रायव्हरांमध्ये वाकडे अंगठे बघायला मिळायचे, आणि ते कशाने झाले हे विचारायची गरज नसायची.

हा झटका काही आमच्याच नशिबी नव्हता. मोटारींना सुरुवातीला चाकच नव्हतं, नावेच्या सुकाणूसारखा दांडा असायचा. १८९४ च्या पॅरिस-रूआं शर्यतीत आल्फ्रेड वाशरोंने आपल्या पानहार्ड गाडीला गोल चाक लावलं, आणि पुढच्या काही वर्षांत दांडा गेला. शर्यतीच्या वेगात दांड्याला बसणारा हिसका माणूस उधळून देऊ शकत होता. चाकाला दोन हात लावता येतात. पुढे इंग्लंडमधल्या जुन्या गाड्यांना 'बँजो' चाकं आली. त्यात एकेक आरा म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाच्या बारीक तारांचा जुडगा. रस्त्याचा थरथराट त्या तारा पिऊन टाकत. इंग्रजांनी जे तारांवर सोपवलं ते आमच्या ड्रायव्हरांनी अंगठ्यावर सोपवलं.

आणि सगळ्यांत देखणं स्पोर्ट्स चाक म्हणाल तर नार्डीचं. एन्रिको नार्डी हा इटालियन माणूस लान्चियात राहिलेला, फेरारीच्या अगदी पहिल्या गाडीच्या कामातही होता. १९५१ च्या सुमारास त्याने अॅल्युमिनियमचे आरे आणि लाकडी कडं असलेली चाकं काढली. पातळ, हलकी, हातमोज्यांत घट्ट बसणारी. आजही जुन्या स्पोर्ट्स कारचा मालक चाक बदलायला निघाला की पहिलं नाव तेच निघतं.

पोरग्याच्या मोबाइलवरही तेच चित्र होतं. आणि त्याच्या डोक्यात पुढचा किडा: "सर, आलापल्लीच्या सागवानाचं बनवू ना!" मोह मलाही पडला, खोटं कशाला बोलू. आमच्या सागवानाचा आम्हाला गर्व आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी ते इथूनच गेलं. पण मोटारीच्या चाकाला साग म्हणजे चुकीच्या जागी चांगला माणूस. सागात तेल असतं. त्याच तेलामुळे त्याला वाळवी लागत नाही आणि पाणी चढत नाही, आणि त्याच तेलामुळे सरसही नीट धरत नाही. लाकडी कडं एका फळीतून गोल कापून बनत नाही. तसं कापलं तर दोन ठिकाणी रेषा आडव्या येतात आणि हात टेकवताच तिथे तुटतं. पातळ पट्ट्या वाकवून, एकीवर एक चिकटवून कडं बनवावं लागतं, म्हणजे रेषा गोलाबरोबर फिरते. सगळी मदार सरसावर.

बैलबंडी बनवणाऱ्या आमच्या सुतारांना यातलं रेषेचं गणित पक्कं ठाऊक होतं. बंडीच्या चाकाचा घेर ते कधी एका लाकडाचा करत नसत. बाभळीचे वाकडे पाटे जोडून घेर, वर लोखंडी धाव तापवून चढवलेली. आस धावड्याचा, कारण धावडा लवतो पण मोडत नाही. सागवान घराच्या दारांना आणि तुळयांना. जंगलात राहणाऱ्या माणसाला कुठलं लाकूड कशाला, हे शिकवावं लागत नसे; आता मोबाइलवर चित्र बघून लाकूड निवडतात. शिवाय एक गोष्ट मी त्याला बजावून सांगितली: अपघातात लाकडी कडं फुटलं की त्याच्या चिपा छातीत जातात.

पण खरा मुद्दा व्यासाचा. स्टेअरिंग वळवायला लागणारा पीळ तेवढाच राहतो. चाक लहान केलं की हाताला जोर जास्त लावावा लागतो. सव्वासतराचं तेरा इंच केलं की जवळपास एक तृतीयांश जास्त. आणि चाकोरीतला झटका उलट येतो तेव्हा तोही तेवढ्याच पटीने कडक होऊन हातात बसतो. स्पोर्ट्स कारला लहान चाक चालतं कारण ती हलकी, रस्ता गुळगुळीत, आणि तिला झटपट वळायचं असतं. आमच्याकडे रस्ता कसा होता? गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. रेल्वे स्टेशन म्हणावं तर एक वडसा. जंगलाचा माल बल्लारशाच्या डेपोला किंवा कागद कारखान्याला आणायचा तर ट्रक, आणि जिथे ट्रक पोचत नाही तिथून ओढून काढायला हत्ती. कमलापूरचा हत्ती कॅम्प त्याच कामातून राहिला आहे. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा एकत्र येतात. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की पलीकडचा भाग तुटायचा. टाटांनी १९५४ मध्ये मर्सिडीज-बेंझबरोबर ट्रक बनवायला सुरुवात केली, आणि ते ट्रक या रस्त्यांवर आले तेव्हा त्यांचं चाक जीपच्या चाकापेक्षाही मोठं होतं. बांबू भरलेला ट्रक नाल्यातून वळवताना ड्रायव्हर सीटवरून उठून, अंगाचं वजन टाकून ते फिरवायचा. पॉवर स्टेअरिंग नव्हतं, त्याच्या जागी खांदे होते.

या चाकांना उन्हाचाही मार होता. चंद्रपूरचा मे महिना ४६-४७ अंशांवर जातो. उन्हात उभ्या गाडीचं चाक हाताला चटका देतं, आणि लोखंडी गाभ्यावरचं कडक आवरण वर्षानुवर्षं आकुंचून आऱ्यांच्या मुळाशी तडकतं. म्हणून तेंदूपानांच्या हंगामात, एका फळीवरून (म्हणजे पानं गोळा करायच्या ठिकाणावरून) दुसऱ्या फळीवर फिरणाऱ्या जीपांच्या चाकांना सायकलची ट्यूब कापून गुंडाळलेली असायची. ट्रकवाले रंगीत प्लॅस्टिकच्या वायरीने विणून काढायचे, लाल-पिवळं. दिसायला लग्नाच्या घोड्यासारखं, पण घामाने हात सरकत नसे.

ताडोब्यातल्या जिप्सीबद्दल थोडक्यातच, कारण ती अजून इतिहास झालेली नाही. १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी सर्वसाधारण ग्राहकांसाठी २०१९ मध्ये बंद झाली, आणि मोहर्ली-कोलाऱ्याच्या गेटवरच्या ड्रायव्हरांनी तिला आपल्या हिकमतीवर जिवंत ठेवलं. पॉवर स्टेअरिंग नसलेली ती गाडी वाघासाठी मागे-पुढे करताना मनगटं कशी बोलतात, हे त्यांनाच विचारा. त्यांच्यातही कुणी हौसेने लहान चाक लावतं, आणि हंगाम संपायच्या आत काढतं.

मग पोरग्याला मी सांगितलं: जुनंच चाक ठेव. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये गाडीची मूळ रचना बदलण्यावर कडक भूमिका घेतलेली आहे. एम एच ३४ च्या पाटीखाली कुणी प्रश्न विचारायला नको. चाक काढताना आधी कॉलमवर आणि चाकाच्या मध्यावर पंचने खूण कर, नाहीतर परत बसवताना सरळ रस्त्यावर आरा तिरका येतो. नट पूर्ण काढू नकोस, दोन आटे ठेव. पुलर लाव, हातोडा नको. मग आतले दाते बघ. ते झिजले असतील तर चाक भंगारात, पुढची चर्चा नाही. शाबूत असतील तर तडा करवतीने इंग्रजी व्हीसारखा रुंद कर, आतलं लोखंड गंजलं असेल तर घासून काढ, एम-सील दाबून भर, एक रात्र राहू दे, पॉलिश पेपरने घास आणि काळा रंग मार.

दाते शाबूत निघाले. तेरा इंची चाकाचे पैसे वाचले त्यात त्याने बेल क्रँकचे बुश आणि चारही टाय रॉड एंड बदलले, आणि पोराला जे 'स्पोर्ट' वाटत होतं ते त्यातच मिळालं: हात वळवला की गाडी वळते, मध्ये चार बोटं ढिली नाहीत. हॉर्नची वायर तेवढी कॉलममधून ओढायची राहिली आहे. तोवर तो डॅशबोर्डाला लावलेल्या दारावरच्या घंटीच्या बटणाने हॉर्न वाजवतो.