शिंगरांचा न्युमोनिया आणि मातीतली औषधे

शर्यतीच्या घोड्याची पारख आपण त्याच्या पायांवरून करतो. वस्तुतः तो धावतो फुप्फुसांच्या बळावर, आणि कित्येक घोड्यांची शर्यत मैदान दिसण्यापूर्वीच, आईच्या अंगावर पीत असताना, हरली जाते. महालक्ष्मीला किंवा पुण्याला आपल्याला घोडा दिसतो तो दोनतीन वर्षांचा होऊन. ज्या रोगाचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत तो त्याला गाठतो साधारणपणे तिसऱ्या आठवड्यापासून पाचव्या महिन्यापर्यंत.

१९२३ साली स्वीडनमध्ये मॅग्नुसन यांनी न्युमोनिया झालेल्या शिंगरांच्या फुप्फुसांतून एक जंतू वेगळा केला. रोडोकॉकस इक्वाय हे नाव त्याला १९७७ साली मिळाले. क्षयाच्या जंतूचा हा दूरचा भाऊबंद. राहतो मातीत, पोसतो लिदीवर, आणि कोरड्या दिवसांत कुरणात धूळ उडाली की शिंगराच्या श्वासाबरोबर आत जातो. शिरलेल्या जंतूंना गिळून मारणे हे ज्या पेशींचे काम, त्यांच्याच पोटात तो ठाण मांडतो. शिंगरू बाहेरून धडधाकट दिसते, दूध पिते, उड्या मारते. आत मात्र गळवे वाढत असतात. नाकपुड्या फुलून श्वास जोराने चालू लागतो, तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो.

पेनिसिलीनने घोड्यांच्या अनेक दुखण्यांत चमत्कार केला; येथे त्याचे काही चालले नाही. त्याच्या जोडीला जेंटामायसिन देऊन पाहिले. प्रयोगशाळेतल्या बशीत जेंटामायसिन या जंतूला मारते, पण पेशीच्या आत आणि पुवात ते पुरेसे पोहोचत नाही. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अहवालात या जोडीने उपचार केलेली सतराच्या सतरा शिंगरे दगावल्याची नोंद आहे.

त्याच वर्षी हिलिज यांनी दुसऱ्या एका जोडीचा अनुभव मांडला. एरिथ्रोमायसिन आणि रिफँपिसिन ही ती जोडी. ५७ शिंगरांपैकी ५० वाचली. मौज अशी की दोन्ही औषधांचे मूळ मातीतच आहे. एरिथ्रोमायसिन ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले तो फिलिपाइन्समधील इलोइलो येथून १९४९ साली पाठवलेल्या मातीत होता. रिफँपिसिनची पूर्वज औषधे मिलानच्या लेपेती प्रयोगशाळेने १९५७ साली दक्षिण फ्रान्समधील मातीतून शोधली, आणि ‘रिफिफी’ या त्या काळच्या चित्रपटावरून गमतीने त्यांचे नाव पडले. रिफँपिसिन आले ते माणसाच्या क्षयासाठी. दोन्ही औषधे पेशीच्या आत शिरतात. शिवाय एकट्या रिफँपिसिनला जंतू फार लवकर दाद देईनासे होतात, म्हणून सोबती हवाच.

ही जोडी काही निरुपद्रवी नव्हे. एरिथ्रोमायसिन घेतलेल्या शिंगराला नीट घाम येत नाही. उन्हात सोडले तर त्याचा ताप भयंकर चढतो, म्हणून सावलीत ठेवावे लागते. शिंगराच्या लिदीतून किंवा तोंडाला लागलेले औषध आईच्या पोटात गेले, तर घोडीला जीवघेणी हगवण लागू शकते. तरीही मरणाऱ्या शिंगरापुढे हे धोके कोणीही पत्करील, आणि ते पत्करले हे योग्यच झाले.

पुढे जे घडले ते वेगळे. २००१ पासून केंटकीतील एका मोठ्या अश्वपैदास केंद्रावर सगळ्याच शिंगरांच्या छातीची सोनोग्राफी सुरू झाली. गळवाची लहानशी छाया दिसली की खोकला नसला, ताप नसला तरी औषध सुरू होई. एकेका शिंगराची किंमत पाहता मालकाची घाई आम्हाला समजते; वैद्याला दोष देण्यातही फारसा अर्थ नाही. परंतु काही वर्षांत त्याच केंद्रावर दोन्ही औषधांना न जुमानणारे जंतू मोठ्या प्रमाणावर आढळू लागले. ज्याला खरोखर न्युमोनिया झाला आहे, अशा शिंगरासाठी आता हाताशी काय उरले, हा प्रश्न तेथून पुढे कल्पनेतला राहिला नाही. तोच जंतू एड्सने खंगलेल्या माणसाच्या फुप्फुसातही शिरतो आणि तेथेही औषधे बहुतांशी हीच. तेव्हा हा केवळ धनिकांच्या पागेतला प्रश्न आहे असेही नाही.

जर्मनीतील एका मोठ्या पैदास केंद्रात याची उलट बाजू तपासली गेली. लहान गळवे असलेल्या काही शिंगरांना खरे औषध दिले, काहींना नुसते औषधासारखे दिसणारे. २०१२ साली निष्कर्ष आला: औषध न मिळालेली बहुतेक शिंगरे आपोआप बरी झाली होती. म्हणजे केंटकीत ज्या उपचाराचे श्रेय औषधाला जात होते, त्यातले पुष्कळसे शिंगराच्या स्वतःच्या शक्तीचे असावे.

२०१५ साली या प्रतिकाराचा एक जनुक सापडला, आणि तो एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो असे दिसले. जंतू लिदीवाटे बाहेर पडून पुन्हा कुरणाच्या मातीत मिसळतात. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांत कृत्रिम रेतनाला मान्यता नाही, म्हणून घोड्यांना प्रत्यक्ष वळूकडे न्यावे लागते. घोडी निघाली की पिणारे शिंगरूही बरोबर निघते, कधी समुद्रापलीकडे. २०१६ साली आयर्लंडमध्ये एका शिंगराच्या फुप्फुसात औषधांना न जुमानणारा रोडोकॉकस मिळाला. त्याची जनुकीय तपासणी केली तेव्हा तो अमेरिकेत पसरलेल्या वंशाचाच निघाला.