कॅज्युअल्टीतले डॉक्टर नेमके काय करतात?

अपघात, छातीत दुखणे, झटके येणे, साप चावणे अशा वेळी आपण रुग्णाला कॅज्युअल्टीत, म्हणजेच आपत्कालीन विभागात नेतो. अनेक मोठ्या रुग्णालयांत आता तेथे याच विषयाचे तज्ज्ञ असतात. एमबीबीएसनंतर ते या विषयात तीन वर्षांचे एमडी करतात. भारतात २००९ मध्ये या शाखेला स्वतंत्र मान्यता मिळाली.

आधी जीव, मग निदान

हे डॉक्टर आजाराचे नाव शोधण्याआधी श्वासमार्ग मोकळा आहे का, श्वास नीट चालतो का, नाडी व रक्तदाब कसा आहे आणि रुग्ण शुद्धीवर आहे का, हे याच क्रमाने तपासतात. जिथे अडचण दिसेल तिथे लगेच उपचार सुरू होतात. त्यानंतर सर्वांत धोकादायक शक्यता आधी पडताळली जाते. म्हणूनच तुम्हाला ‘ॲसिडिटी’ वाटणाऱ्या छातीतल्या दुखण्यासाठीही पहिल्या १० मिनिटांत ईसीजी काढणे अपेक्षित असते.

आम्ही आधी आलो, तरी थांबायचे?

येथे नंबर येण्याच्या वेळेवर नव्हे, तर गंभीरतेवर लागतो. लाल गटातील रुग्ण ताबडतोब, पिवळ्या गटातील त्यानंतर आणि हिरव्या गटातील शेवटी तपासले जातात. थांबायला सांगितले म्हणजे दुर्लक्ष झाले असे नाही. मात्र थांबलेले असताना धाप वाढली, दरदरून घाम आला किंवा रुग्ण गुंगीत जाऊ लागला, तर लगेच नर्सला सांगा.

तुम्ही काय सांगाल?

- त्रास कधी सुरू झाला: पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. सकाळी उठल्यावर तोंड वाकडे दिसले, तर रुग्णाला शेवटचे ठणठणीत कधी पाहिले होते ती वेळ सांगा.
- चालू औषधे: गोळ्यांची पाकिटेच सोबत आणा. रक्त पातळ करणाऱ्या व मधुमेहाच्या गोळ्यांचा उल्लेख नक्की करा.
- ॲलर्जी, जुने आजार, गरोदरपण आणि शेवटचे कधी खाल्ले ते.
- विषबाधा: कीटकनाशक पोटात गेले असेल, तर बाटली किंवा तिचे लेबल आणा. घरी उलटी करवू नका. पोलिसांच्या किंवा लोकांच्या भीतीने काही लपवू नका. उपचार विषाच्या प्रकारावर ठरतात.

पोलीस केसचे काय?

रुग्णालय सरकारी असो वा खासगी, जीव वाचवण्याचे उपचार आधी आणि कागदपत्रे नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे.

घरी सोडताना

‘गंभीर काही आढळले नाही’ याचा अर्थ तपासणीच्या वेळी धोका दिसला नाही एवढाच. कोणती लक्षणे दिसल्यास लगेच परत यायचे, हे विचारून लिहून घ्या. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर फोन करा. ही सेवा मोफत आहे.