बडोदे संस्थान : प्रवेश पहिला, अस्तित्व दोन वर्षांचे

भारतीय संघराज्याच्या घटना समितीत प्रतिनिधी पाठवण्यास सर्वप्रथम राजी झालेले मोठे संस्थान म्हणजे गायकवाडांचे बडोदे. त्याचा प्रदेश सलग नव्हता. बडोदे, मेहसाणा, नवसारी आणि अमरेली हे प्रांत व द्वारकेभोवतीचे ओखामंडळ असा तो गुजरात-काठियावाडात विखुरला होता. १९४१ च्या खानेसुमारीनुसार लोकसंख्या साडेअठ्ठावीस लाखांच्या घरात होती. राजघराणे मराठी, प्रजा बहुतांश गुजराती.

तिसऱ्या सयाजीरावांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण, ग्रामपंचायती आणि धारासभा अशी प्रशासनाची घडी बसवली. धारासभेचे अधिकार मात्र मर्यादित होते. अखेरचा शब्द महाराजांचाच असे. १९४७ मध्ये गादीवर त्यांचे नातू प्रतापसिंहराव होते. भोपाळच्या नवाबांच्या नेतृत्वाखालील नरेंद्रमंडळ संस्थानिकांना थांबण्याचा सल्ला देत असताना बडोद्याचे दिवाण सर ब्रजेंद्रलाल मित्तर यांनी स्वतंत्रपणे बोलणी केली. २८ एप्रिल १९४७ रोजी बिकानेर, पतियाळा, कोचीन आदी संस्थानांसह बडोद्याचे प्रतिनिधी समितीत दाखल झाले. पुढे मसुदा समितीच्या सात सदस्यांत मित्तरांची निवड झाली. तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेच्या कोलंबिया विद्यापीठात गेले होते, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे.

अमेरिकेचा उल्लेख दुसऱ्या कारणानेही करावा लागतो. तेथे १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला राज्यघटना घडत असताना घटक राज्ये आधीपासून अस्तित्वात होती आणि लहान राज्यांना मोठ्यांचे भय होते. त्यांनी अट घातली : सेनेटमध्ये प्रत्येक राज्याला समान जागा, आणि त्या राज्याच्या संमतीवाचून ही समानता हिरावता येणार नाही. विधिमंडळाच्या मान्यतेशिवाय कोणतेही राज्य दुसऱ्यात मिसळता येणार नाही, हेही लिहून घेतले. इवल्याशा डेलावेअरने सर्वांआधी, ७ डिसेंबर १७८७ रोजी एकमताने संमती दिली. ऱ्होड आयलंड २९ मे १७९० पर्यंत अडून बसले आणि ३४ विरुद्ध ३२ मतांनी आत आले. ही दोन्ही राज्ये आजही नकाशावर आहेत.

बडोद्याने अशी कोणतीही अट घातली नव्हती. भारतीय संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार संसद साध्या बहुमताने राज्यांच्या सीमा बदलू शकते. राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवले जाते, पण ते बंधनकारक नसते. बडोद्याच्या बाबतीत तर संविधान लागू होण्याची वाटही पाहावी लागली नाही. १९४८ मध्ये डॉ. जीवराज मेहता यांच्या नेतृत्वाखाली तेथे लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. महाराजांच्या खर्चावरून वाद पेटला आणि २१ मार्च १९४९ रोजी विलीनीकरणाच्या करारावर स्वाक्षरी झाली. महाराजांचा तनखा वार्षिक साडेसव्वीस लाख रुपये ठरला. प्रजेचा कौल घेतला गेला नाही. प्रतापसिंहरावांनी पुढे विरोध सुरू केला. १९५१ मध्ये त्यांची मान्यता काढून पुत्र फत्तेसिंहरावांना देण्यात आली.

गोमंतकीय वाचकाला येथे १६ जानेवारी १९६७ आठवल्यावाचून राहणार नाही. विलीनीकरणाचा प्रश्न येथे मतपेटीपर्यंत गेला आणि ३४,०२१ मतांच्या फरकाने सुटला. तो कौलही संसदेने केलेल्या कायद्यानेच मिळाला होता, घटनेतील हक्क म्हणून नव्हे. ज्यांनी विलीनीकरणाच्या बाजूने मत दिले, त्यांनाही निदान मोजले गेले.

बडोद्याचा कारभार १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांताकडे गेला. त्याच्या आदल्याच दिवशी, ३० एप्रिलला, महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू. बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० रोजी गुजरात राज्य जन्माला आले, तेव्हा त्याचे पहिले मुख्यमंत्री जीवराज मेहताच होते.