नौकाश्रय, उल्हास खाडीतील
उल्हास नदीच्या खाडीत कल्याण, डोंबिवली व ठाणे या परिसरातील, गलबते, मचवे व होड्या नांगरून ठेवण्याची नैसर्गिक आश्रयस्थाने. सह्याद्रीत उगम पावणारी उल्हास नदी कल्याणजवळ भरतीच्या टापूत येते व ठाण्याच्या उत्तरेकडून वाहत जाऊन वसईजवळ अरबी समुद्रास मिळते. खाडीचा दुसरा फाटा ठाण्यावरून दक्षिणेस मुंबई बंदराकडे जातो. अशा रीतीने या जलमार्गास दोन मुखे लाभली असून कल्याण समुद्रापासून बरेच आत असल्याने खुल्या सागराच्या लाटा तेथे पोहोचत नाहीत. बंदर म्हणून कल्याणचे प्राचीन महत्त्व प्रामुख्याने या आडोशामुळे होते.

नांगरणी : नौका सुरक्षित राहणे हे तळ, पाण्याची खोली व प्रवाह यांवर अवलंबून असते. खाडीच्या चिकट गाळात नांगराचे दात चांगले रुततात. खडकाळ तळावर ते घसरतात किंवा अडकून बसतात. नांगराचा दोर खोलीच्या कित्येक पट लांब सोडावा लागतो. त्यामुळे ओढ जवळजवळ आडवी पडते व नांगर उपटला जात नाही. ही खोली भरतीची धरावयाची असते, कारण मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. प्रवाहाची दिशा सु. सहा तासांनी उलटत असल्याने एकाच नांगरावरील नौका फिरते व शेजारच्या नौकेवर आदळण्याचा संभव असतो. यावर उपाय म्हणून अरुंद खाडीत वरच्या व खालच्या बाजूंस असे दोन नांगर टाकतात. ओहोटीला सपाट बुडाची नौका गाळावर सरळ बसते, तर खोल कण्याची नौका कलंडते. लोखंडी नांगर रूढ होण्यापूर्वी दगडी नांगरांचा वापर होई. भोके पाडलेले असे नांगर विजयदुर्गसारख्या ठिकाणी सापडले आहेत.

इतिहास : इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी या ग्रीक ग्रंथात कल्याणचा उल्लेख आढळतो. थोरल्या सारगनसच्या काळी येथे परदेशी व्यापारास मुभा होती. पुढे सत्तांतर झाल्यावर तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला पाठविली जात. त्याच ग्रंथात भडोचच्या नदीमुखाचे वर्णन आहे. तेथील भरतीचा लोंढा नांगरलेल्या जहाजांनाही ओढून नेई, म्हणून राजाचे कोळी पुढे येऊन जहाजे ओढत नेत व ठरावीक खोल डोहांत उभी करीत. अर्थात, सुरक्षित आश्रय नाकारला गेलेल्या जहाजांना अधिक धोक्याच्या पाण्यात जावे लागे. कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आढळतात. सहाव्या शतकात कॉस्मस इंडिकोप्लूस्टीझ याने भारताच्या मोठ्या बंदरांत कल्याणची गणना केली आहे.

छ. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण व भिवंडी घेतल्यावर या खाडीत मराठ्यांच्या लढाऊ नौका बांधण्यास आरंभ झाला. या कामावर रुई लैतांव व्हियेगश व इतर पोर्तुगीज कारागीर होते; १६५९ मध्ये पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून ते काम सोडून गेले. त्या वेळी वसई, ठाणे व मुंबई पोर्तुगीजांकडे होती. म्हणजे खाडीची दोन्ही मुखे परसत्तेच्या हाती होती. आतील आसरा वाऱ्यापासून निर्धोक होता. परंतु बाहेर पडण्याची वाट तितकी मोकळी नव्हती. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे व १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर ही कोंडी फुटली. तथापि डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि सालबाईच्या तहाने (१७८२) साष्टी त्यांच्याकडे कायम राहिली.

ऱ्हास : मुंबई बंदराची वाढ व लोहमार्ग यांमुळे खाडीतील वाहतुकीचे महत्त्व घटले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली व १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली. ज्या गाळाने नांगर धरला, त्याच गाळाच्या संचयाने मोठ्या गलबतांना लागणारी खोलीही कमी केली. मचवे व होड्या मासेमारी आणि रेतीची वाहतूक यांसाठी वापरात राहिल्या.

कल्याण, ठाणे व मुंबई यांना जोडणाऱ्या या मार्गास २०१६ च्या कायद्यान्वये राष्ट्रीय जलमार्ग क्र. ५३ म्हणून मान्यता मिळाली. त्याचा उपयोग मुख्यतः गाळ काढणे, भरतीप्रमाणे वर-खाली होणारे धक्के आणि पुलांखालील मोकळी उंची यांवर अवलंबून आहे. कल्याणच्या खाडीकाठावरील दुर्गाडी किल्ला हे या जुन्या बंदराचे ठळक स्मारक होय.